जखम भरते, परत सोडला की परत रक्त: बटेरांच्या मारामारीवर उपाय

मलम लावलं, आठ दिवस आतल्या खोलीत वेगळा ठेवला, खपली पडली, परत सोडला आणि संध्याकाळपर्यंत डोकं पुन्हा लालेलाल. घरी बटेर पाळणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार आहे, आणि बहुतेक जण तिचं उत्तर औषधाच्या दुकानात शोधतात. औषध क्वचितच चुकलेलं असतं. या पक्ष्याचं कातडं झपाट्याने जुळतं. चुकलेलं असतं ते पिंजऱ्याचं गणित, आणि त्याहून जास्त ते 'आतल्या खोलीत'. आठ दिवस नजरेआड गेलेला पक्षी टोळीच्या लेखी परका होतो. वर त्याच्या डोक्यावर लाल टक्कल असतं, म्हणजे टोचायला खूणच.

इथलं सगळं जपानी बटेराबद्दल आहे, म्हणजे पुस्तकी मराठीतला जपानी लावा. ही पाळीव जात भारतात 1974 साली उत्तर प्रदेशातल्या बरेलीजवळच्या इज्जतनगरला आली. माळव्याच्या शेतांतून भुर्रकन उठणारे रानलावे वेगळे. ते पकडून पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि पिंजऱ्यात ते छताला डोकं आपटून घेतात ते निराळंच.

जखमेची जागा बघा, कारण कळेल

औषध काढण्याआधी पक्षी उजेडात धरा. पाठीवरून तळहाताची वाटी करा, पंख अंगाशी मिटलेले, छाती मोकळी. छाती दाबू नका. पक्षी छातीचं हाड हलवून श्वास घेतो, ते दाबलं तर हातातच गुदमरतो.

मानेमागची पिसं गेलीत, कातडं गुलाबी, बारीक ओरखडे, आणि पक्षी मादी आहे. ही मारामारी नव्हे. नर चढताना मादीची मान चोचीत धरतो, आणि एका नरामागे एकदोनच माद्या असल्या की दिवसभर त्याच माना घासल्या जातात. इथे औषध जवळपास लागतच नाही, नर 2-3 आठवडे बाहेर काढावा लागतो.

माथ्यावर, अगदी मधोमध कातडं सोललंय. हा छताचा मार. घाबरलेला बटेर बाजूला पळत नाही, सरळ वर उसळतो. घाबरवायला काहीही पुरतं: इंदूरची रंगपंचमीची गेर म्हणजे मिरवणूक, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे (चित्ररथांचे) ढोल, दिवाळीची माळ, नाहीतर रात्री जाळीवर आलेलं मांजर. इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास पिंजरा असेल तर या तारखा कॅलेंडरवर लिहूनच ठेवा. छताची उंची एकतर 25-30 सेंटिमीटर हवी, म्हणजे उसळीला वेगच येत नाही, नाहीतर 6 फुटांच्या वर. मधली दोन-तीन फुटांची उंची सर्वांत वाईट, आणि बाजारात मिळणारे बहुतेक पिंजरे नेमके तेवढेच असतात. पिंजरा बदलणं जमत नसेल तर छताच्या 5 सेंटिमीटर खाली शेडनेट सैल बांधा. ताणून बांधलेली नेट कामाची नाही, ती जाळीइतकीच लागते.

डोळ्याच्या कडेला, कपाळावर, चोचीच्या मुळाशी जखमा असतील तर खरी मारामारी चालू आहे. दोन नर असतील तर संशयित ठरलेला. पण माद्याही यात मागे नाहीत. नव्याने आणलेल्या पक्ष्यावर जुन्या माद्या नरापेक्षा जास्त तुटून पडतात. "सगळ्या माद्याच आहेत, मग भांडतात कशा?" या प्रश्नाचं उत्तर तेच. शिवाय त्या सगळ्या खरंच माद्या आहेत का तेही बघा. साध्या रंगाच्या नराची छाती तांबूस, बिनठिपक्यांची असते, मादीची फिकट आणि काळ्या ठिपक्यांची. पांढऱ्या किंवा काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांत यावरून काहीच कळत नाही. तिथे पक्षी सहा-सात आठवड्यांचा झाल्यावर गुदद्वाराच्या वरचा उंचवटा हलकेच दाबून बघायचा. पांढरा फेस आला तर नर.

शेपटीच्या मुळाशी पिसं उपटलेली आणि नवे कोंब रक्ताळलेले दिसले तर ती टोचायची खोड आहे. खाण्यात प्रोटीन कमी, जागा कमी किंवा अंगावर किडा, यातलं एक कारण नक्की सापडतं. किड्यासाठी रात्री लाइट बंद झाल्यावर तासाभराने पिंजऱ्याचे सांधे पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर लाल-तपकिरी डाग उमटले तर रक्त पिणारा बारीक किडा, माइट, आहे. तो दिवसा फटीत लपतो, म्हणून पक्षी स्वच्छ दिसतो.

गुदद्वारातून लाल गोळा बाहेर आला असेल तर आतला भाग बाहेर पडलाय, आणि बाकीचे तो टोचणारच. पक्षी त्याच मिनिटाला वेगळा करा. सलाईनने धुवा, त्यावर साखरेचं दाट पाणी 5 मिनिटं लावून ठेवा म्हणजे सूज उतरते, मग ओल्या बोटाने हलकेच आत सरकवा. आत राहिला नाही तर दुसऱ्यांदा झटापट करत बसू नका, डॉक्टरकडे न्या. इंदूरहून महूचं पशुचिकित्सा महाविद्यालय जवळ आहे.

शिटेचा गोळा

नखं उपटली जातात ती मारामारीत कमी आणि माणसाच्या घाईने जास्त. ओलसर भुशावर बटेर फिरला की शीट आणि भुसा बोटांना चिकटून वाळतो आणि त्याचा वाटाण्याएवढा दगड होतो. तो ओढला की नख मुळासकट येतं. वाटीत कोमट पाणी घ्या, मनगटावर टाकून बघण्याइतपत कोमट, आणि पाय 10 मिनिटं त्यात धरा. पाणी तपकिरी होईल पण गोळा तसाच दिसेल. पाणी बदला, आणखी 5 मिनिटं. आता अंगठ्याच्या नखाने गोळ्याचा बाहेरचा पापुद्रा कुस्करा, पायाच्या दिशेने न ओढता बोटाच्या लांबीने. दोन-तीन खेपांत आतलं नख दिसू लागतं. पाय पुसून कोरडे करा आणि तळवा तपासा. काळी खपली आणि सूज दिसली तर तळव्यात गळू धरतंय, आणि ते तारेच्या जमिनीमुळे किंवा ओल्या अंथरुणामुळे. अंथरूण म्हणून भाताचं कोरडं तूस, पावसाळ्यात दोन-तीन दिवसांनी बदललेलं.

रक्त दिसलं की पहिला अर्धा तास

150 ग्रॅमच्या बटेरात रक्त असतं साधारण 10 ते 12 मिली. त्यातलं दीड मिलीपर्यंत, म्हणजे तीसेक थेंब, धडधाकट पक्षी सोसतो. त्यापुढे जपायला हवं. म्हणून आधी दाब, मग बाकीचं. स्वच्छ गॉज जखमेवर ठेवा आणि घड्याळ लावून 3 ते 5 मिनिटं दाबा. मध्ये उचलून बघायचं नाही. उचललं की जमलेली गाठ सुटते आणि पहिल्यापासून सुरुवात. तुटलेल्या नखाला कॉर्नफ्लॉवर किंवा तुरटीची पूड चालते. उघड्या कातड्यावर यातलं काहीच टाकू नका.

रक्त थांबलं की धुणं. नॉर्मल सलाईनची 500 मिलीची बाटली इंदूरच्या दवाबाजारात, म्हणजे औषधांच्या बाजारात काय किंवा कोपऱ्यावरच्या मेडिकलवर काय, सहज मिळते. बिनसुईच्या 10 मिलीच्या सिरिंजने हलकी धार सोडा, दोन-तीन सिरिंज भरून. कडेची पिसं कात्रीने आखूड करा, उपटू नका. मग पोविडोन आयोडीन, तेही पातळ करून. 5 टक्क्यांचं असेल तर 1 भाग औषधात 9 भाग सलाईन, 10 टक्क्यांचं असेल तर सलाईन दुप्पट. रंग बिनदुधाच्या हलक्या चहासारखा दिसला पाहिजे. डोळ्यात हे जाऊ द्यायचं नाही, डोळ्याला फक्त सलाईन.

माथ्याचं कातडं सोलून लोंबत असेल, ओलं आणि गुलाबी असेल तर काही तासांत डॉक्टरकडे टाका पडू शकतो. सुकून काळं पडलं असेल तर ते गळेल आणि खालून नवं कातडं येईल. हाड उघडं दिसतंय म्हणून हात-पाय गाळू नका, अशा जखमा 3-4 आठवड्यांत भरतात, फक्त त्या कोरड्या पडता कामा नयेत. सिल्व्हर सल्फाडायझीनचं मलम पाण्यात मिसळणारं असतं. त्याचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका पसरून अगदी पातळ थर, दिवसातून दोनदा.

काय लावू नये, ही यादी जास्त महत्त्वाची आहे, कारण घरात नेमकं तेच असतं. डेटॉल आणि स्पिरिट नवं कातडं जाळतात, हायड्रोजन पेरॉक्साइडही. हळद कोरडी दाबून भरली की वर पिवळा पापुद्रा धरतो आणि आत पू झाला तरी दिसत नाही. खोबरेल किंवा व्हॅसलीन पिसांना लागलं की पिसं चिकटतात आणि पक्षी गारठतो. खाज-गजकर्णाच्या मलमांत बहुधा स्टेरॉइड असतं, त्याने जखम भरणं उलट थांबतं. सुन्न करणारी, लिग्नोकेन असलेली जेलं इतक्या लहान जिवाला विषारी ठरू शकतात. डायक्लोफेनॅक तर घराच्या कपाटातूनही या पिंजऱ्याकडे येऊ देऊ नका. याच औषधाने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी केले, आणि 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. वेदनेसाठी पक्ष्यांना मेलॉक्सिकॅम देतात, पण मात्रा वजनावर डॉक्टरच काढतील. पॅरासिटामॉलचा तुकडा अंदाजाने मोडून देऊ नका.

पावसाळ्यात एक धोका वेगळा. माशी जखमेवर अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन ओततात तसं इथे करू नका. चिमट्याने एकेक अळी काढा, सलाईनने पुन्हा धुवा आणि खोक्यावर मच्छरदाणीचं कापड बांधा.

दवाखान्याचं खोकं

40 बाय 30 सेंटिमीटरचं पुठ्ठ्याचं खोकं पुरतं. तळाशी जुन्या सुती चादरीचा तुकडा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. नुसतं वर्तमानपत्रही नको, त्यावर पाय घसरून फाकतात. एका टोकाला 40 वॅटचा पिवळा फिलामेंटचा बल्ब, म्हणजे तिथे 28-30 अंश राहील आणि दुसरं टोक गार, पक्षी स्वतःच जागा निवडतो. एलईडीने ऊब येत नाही. फिलामेंटचा बल्ब मिळाला नाही तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हे हवंच, मेमध्ये अर्थातच नको. डोक्याला मार लागून पक्षी गरगर फिरत असेल किंवा मान वाकडी धरत असेल तरीही बल्ब नको. त्याला अंधार, शांतता आणि खोलीचंच तापमान.

पहिल्या दिवशी ओआरएस चालेल, पुडीवर लिहिलं तेवढ्याच पाण्यात. ड्रॉपरने चोचीत ओतायचं नाही. श्वासाचं भोक जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट आत जातं. चोचीच्या कडेला एक थेंब टेकवा, तो स्वतः ओढून घेतो. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करा. 150 चा पक्षी 135 वर आला तर वाट बघायची नाही.

पाय लोंबत असेल तर मोडला आहे. इतक्या हलक्या पक्ष्यांत गुडघ्याखालचं हाड चिकटपट्टीच्या साध्या आधाराने तीनेक आठवड्यांत जुळतं, पण पट्टी डॉक्टरांनी लावलेली बरी. वाकडी जुळली तर तशीच राहते.

आणि हे खोकं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, पक्षी सावरला की, टोळीच्या शेजारी न्यायचं. पुठ्ठ्याची एक बाजू कापून जाळी लावा, किंवा पिंजऱ्यातच मध्ये जाळी टाकून भाग करा. अर्ध्या इंचाची जाळी पुरते, पण पलीकडून चोच पोचत असेल तर 5 सेंटिमीटर अंतर सोडून दुसरी लावा. पहिल्या परिच्छेदातली चूक इथेच दुरुस्त होते.

पिंजऱ्याचं गणित

एका नरामागे 4-5 माद्या. दोन नर ठेवायचेच असतील तर एकही मादी दिसता किंवा ऐकू येता कामा नये, तरी खात्री नाहीच. लखनौकडे बटेरबाजी, म्हणजे बटेरांच्या झुंजी लावणं, हा शौक होता तो काही उगाच नव्हे.

पक्ष्यामागे किमान 1 चौरस फूट. पाच पक्ष्यांना 4 फूट बाय 2 फूट असेल तर बरं. पण नुसती मोकळी जागा कामाची नाही. पाठलाग होताना नजर तुटली पाहिजे. विटा, वाळक्या फांद्या, कौलाचे तुकडे आडवे लावा. लपायला मडकं ठेवाल तर ते दोन्हीकडून उघडं हवं. एकाच तोंडाच्या मडक्यात शिरलेला पक्षी आतच सापडतो, आणि डोळे जातात ते बहुधा तिथेच. दाण्याची दोन भांडी, पाण्याची दोन भांडी, विरुद्ध टोकांना. मेमध्ये पारा 40 च्या वर गेला की पिंजऱ्यातल्या एकाच गार कोपऱ्यावरून रणकंदन होतं. एका अख्ख्या बाजूला ओलं पोतं टांगा म्हणजे गार जागा वाढते. अंग घोळवायला वाळूचा ट्रेही मोठा हवा, 40 बाय 30 सेंटिमीटर तरी.

उजेडाकडे कोणाचं लक्षच जात नाही. इंदूरला जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात पावणेअकराचा. पण पिंजरा हॉलमध्ये असेल आणि टीव्ही-ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत चालत असेल तर पक्ष्याच्या दृष्टीने बाराही महिने 16-17 तासांचा दिवस. लांब दिवस म्हणजे विणीचा हंगाम, आणि हंगाम म्हणजे भांडण. पिंजऱ्यावर जाड कापड टाकून उजेड 8-9 तासांवर आणा, खालची बाजू हवेसाठी मोकळी ठेवून. दोन-तीन आठवड्यांत नराची रग उतरते, अंडी थांबतात, माद्यांनाही विसावा मिळतो. अंडी थांबली म्हणून घाबरू नका, उजेड वाढवला की परत सुरू होतात. उन्हाळ्यात बाल्कनीत कापड टाकून भट्टी करू नका, पिंजराच आतल्या अंधाऱ्या खोलीत न्या.

खाणं. नुसती बाजरी-ज्वारी घालणाऱ्या घरांत पिसं टोचणं हमखास. बाजरीत प्रोटीन 11 टक्क्यांच्या आसपास, मोठ्या बटेराला 20 लागतं, वाढत्या पिल्लांना 24 च्या वर. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात, म्हणजे लेयर फीडमध्येही 16-18 असतं, तेही अपुरंच. ब्रॉयलर प्री-स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, 22-23 टक्क्यांचं असतं, ते चालतं. अंडी देणाऱ्या माद्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. माळव्यात घरोघरी सोयाबीन पडलेलं असतं, म्हणून दळून कच्चंच घालायचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमधला घटक प्रोटीनचं पचन अडवतो, म्हणजे घातलंत पण मिळालं नाही. उकडून किंवा चांगलं भाजून मगच. चोचीचं टोक कापणं हा पोल्ट्रीवाल्यांचा मार्ग आहे. घरच्या पाच पक्ष्यांना तो करावा लागला तर वरचं काहीतरी राहून गेलंय असं समजा.

परत सोडताना

आधी ठरवा, वेगळं कोणाला करायचं. मार खाणाऱ्याची जखम किरकोळ असेल तर त्याला टोळीत राहू द्या आणि मारणारा बाहेर काढा. तो परत येईल तेव्हा नवखा तो असेल, पाय त्याचे लटपटतील. मारणारा ओळखायला पायांत रंगीत कड्या घाला, लाल सोडून, आणि दाणा टाकल्यावर 20 मिनिटं बसून बघा.

जाळीशेजारी किमान 7 दिवस, शक्यतो 14. दिवस मोजण्यापेक्षा पक्षी बघा. पलीकडचे जाळीवर चोच मारत येरझारा घालत असतील तर अजून वेळ आहे. दोन्हीकडचे पक्षी जाळीला पाठ टेकवून शेजारी शेजारी बसायला लागले की झालं. ओली किंवा लाल खपली असेपर्यंत सोडू नका. कोरडं टक्कल चालतं. उपटलेली पिसं यायला 4-6 आठवडे लागतात, आणि नव्या पिसाच्या कोंबात रक्त भरलेलं असतं. तेवढे दिवस चोचींवर नजर ठेवा.

सोडायच्या दिवशी पिंजरा पूर्ण रिकामा करा. तूस बदला, विटा-मडक्यांच्या जागा बदला, भांडी दुसऱ्या कोपऱ्यांत. आधी बरा झालेला पक्षी आणि सगळ्यांत गरीब मादी, मग 15-20 मिनिटांच्या अंतराने एकेक, आणि गुंड शेवटी. रात्री अंधारात सोडायचा सल्ला कोंबड्यांचा आहे. कोंबड्या दांड्यावर चढून झोपतात. बटेर जमिनीवरच असतो, आणि पहाटे घर झोपेत असताना लढाई सुरू होते. रविवारी सकाळी सोडा, दिवसभर बघता येईल.

एखाद-दुसरी चोच आणि दोन-तीन सेकंदांचा पाठलाग, समोरचा बाजूला झाला की संपलं, हे चालायचंच. मध्ये पडू नका, मध्ये पडलात तर तेच उद्या पुन्हा होईल. पण डोक्याचं कातडं चोचीत धरून झटके देणं, कोपऱ्यात गेलेल्याच्याही मागे जाणं, तिघांनी एकाला घेरणं यातलं काही दिसलं तर पुठ्ठा मध्ये घालून तोडा, हात घालू नका. गुंडाला बाहेर काढून जाळीचे दिवस पहिल्यापासून.

त्याच जोडीत दुसऱ्यांदा रक्त निघालं तर तिसरा प्रयोग करू नका. नर असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत, शक्यतो त्याच्या स्वतःच्या चार-पाच शांत माद्यांसह. एकटाच ठेवावा लागला तर माद्यांच्या समोर टांगू नका, दिवसभर ओरडून स्वतःलाही आणि शेजाऱ्यांनाही छळेल. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते तिथेच विचारून घ्या.